निवृत्तीनंतरची काशी

निवृत्तीच्या दिवशी बँकेतल्या सहकाऱ्यांनी मला शाल, श्रीफळ आणि एक खुरपं दिलं. शाल-श्रीफळ रिवाजाचं होतं. खुरपं मात्र मी स्वतःच्या तोंडाने कमावलेलं होतं. सासवडजवळ घेऊन ठेवलेल्या तीन गुंठ्यांबद्दल मी सलग अकरा वर्षं डबा खाताना बोलत आलो होतो. माझ्या भावी बागेतली वांगी माझ्या सहकाऱ्यांनी इतक्यांदा ऐकली होती, की त्यांना ती शिळी वाटू लागली होती. आता बोलू नका, खुरपा, असा त्या भेटीचा अर्थ होता. तो मला आठ महिन्यांनी कळला.

तीन गुंठे म्हणजे 3267 चौरस फूट. एकराचे गुंठे चाळीस, म्हणजे हिशेबाने मी तीन-चाळीसांश शेतकरी. उरलेल्या सदतीस-चाळीसांशात मी निवृत्त हेडक्लार्क असल्यामुळे बागेचा आराखडा आधी आलेखाच्या कागदावर काढला. वांग्याला निळी शाई, मिरचीला लाल, मेथी-कोथिंबिरीला हिरवी. बायकोने अबोलीची मागणी नोंदवली, ती मी पेन्सिलीने नोंदवून घेतली. कागदावर सगळं होतं. जमिनीवर आधीपासून काय आहे, हा रकाना तेवढा ठेवायचा राहिला होता.

जानेवारीत आम्ही दोघं जागेवर गेलो. जागा हिरवीगार. माझं मन भरून आलं.

"बघितलंस? माती कसदार असल्याशिवाय एवढं हिरवं होत नाही."

बायको खाली वाकली, एक काडी ओढली. काडी येईना. दुसरी ओढली. ती अर्धी तुटून हातात आली. तिने हात झटकले. "अहो, ही हरळी आहे."

"दूर्वा म्हण," मी म्हटलं.

चूक तिचीही नव्हती, माझीही. वनस्पती एकच. देव्हाऱ्यात गेली की दूर्वा, शेतात शिरली की हरळी, क्रिकेटच्या मैदानावर पसरली की बर्म्युडा ग्रास, आणि शास्त्रज्ञांच्या वहीत सायनोडॉन डॅक्टिलॉन. चार नावांनी चार ठिकाणी खाती असलेला इसम किती चिवट असतो, हे बँकेत उभी हयात घालवलेल्या माणसाला तरी कळायला हवं होतं.

पहिल्या दिवशी मी कुदळ घेतली. दीड तासात दोन चौरस फूट जमीन आणि कंबरेतले दोन मणके मोकळे झाले. या वेगाने उरलेले 3265 चौरस फूट खणायला किती वर्षं लागतील, हा हिशेब मी करायला घेतला आणि पेन्शनपेक्षा मोठा आकडा येईल असं दिसताच थांबलो. दुसऱ्या दिवशी भाड्याने पॉवर टिलर मागवला.

काय ते यंत्र! त्याची फिरती पाती अशी चालली, की पाऊण तासात सगळी जमीन लाडवाच्या रव्यासारखी भुसभुशीत. हिरवं म्हणून औषधालाही दिसेना. मी कमरेवर हात ठेवून उभा होतो. कुंपणापलीकडे शेजारचे तात्या बांधावर बसून तंबाखू मळत होते. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, अंजिराची बाग, बोलणं मोजकं.

"काय लावताय, सायेब?"

"अजून काही नाही, तात्या. आधी ही हरळी काढतोय."

तात्यांनी तंबाखू दाढेला लावली, जमिनीकडे बघितलं, मग यंत्राकडे, मग माझ्याकडे. "काढताय व्हय? मला वाटलं, लावताय."

मी हसलो. शहरातून आलेल्या माणसाची खेड्यात थट्टा होतेच, अशी मनाची समजूत घातली. शिवाय धूळ फार उडत होती, म्हणून संध्याकाळी सगळ्या रानावर पाइपाने छान पाणी मारलं. नंतरही एक दिवसाआड मारत राहिलो.

हरळीच्या खोडाला बोटा-दोन बोटांवर पेरं असतं. जमिनीवरून पळणारं खोड असो की जमिनीखालून सरकणारं, प्रत्येक पेऱ्याला खाली मूळ आणि वर कोंब फुटायची सोय आहे. म्हणजे एका काडीचे दहा तुकडे केले, तर एक हरळी मरत नाही, दहा जन्मतात. माझ्या यंत्राने तीन गुंठ्यांतल्या प्रत्येक काडीचे तुकडे केले होते, ते समान अंतरावर पसरले होते, मातीआड केले होते. त्यावर पाणी घालायचं राहिलं होतं, तेही मी घातलं.

तीन आठवड्यांनी बँकेतले एक जुने सहकारी बाग बघायला आले आणि फाटकातच थबकले. "वा! लॉन कुठून आणलंत? केवढ्याला पडलं?"

मी टिलरचं भाडं, पाणी आणि येण्याजाण्याचा खर्च मिळवून आकडा सांगितला. त्यात खोटं काहीच नव्हतं.

फेब्रुवारीत मी डावपेच बदलला. हरळी निघत नाही ना, मग तिला गाडून टाकू. एक ब्रास लाल माती मागवली. बागेसाठी खास, चाळलेली, सोन्यासारखी माती, असं देणाऱ्याने फोनवर सांगितलं होतं. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ती एका कोपऱ्यातल्या पाच-सहाशे चौरस फुटांवर पसरली, तेव्हा जेमतेम दोन बोटांचा थर झाला. हरळी चार दिवस दिसली नाही. पाचव्या दिवशी वर आली, आणि सोबत पाहुणा घेऊन आली.

हा पाहुणा गडद हिरवा, चकचकीत, ताठ. हरळीपेक्षा रुबाबदार. मला वाटलं, मातीतून कांद्याचं बी आलं असावं. आलेखाच्या कागदावर मी कांद्याला जागाही दिली. तात्यांनी कुंपणावरून एक पात उपटून माझ्या हातात दिली. "बोटात फिरवून बघा. तिधारी हाय का?"

देठाला खरंच तीन धारा होत्या.

"लव्हाळा. हा आमच्याकडं नव्हता. कुठनं आणला?"

"विकत," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

लव्हाळा गवतासारखा दिसतो, पण गवताच्या कुळातला नाही. तिधारी देठ ही त्याची ओळख. वर सात-आठ पाती, आणि खाली जमिनीत माळेत मणी ओवावेत तशा गाठी. उपटला की पात हातात येते, मणी जागेवर राहतात. त्या माळेत टोकाचा कोंब जिवंत असेपर्यंत बाकीच्या बऱ्याच गाठी झोपून असतात. माळ तोडली की सगळ्या जाग्या होतात. आमच्या बँकेत उलटं होतं, साहेब जागेवर असला तरच बाकीचे जागे राहत, म्हणून हे तत्त्व माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. तोवर मी खुरप्याने शेकडो माळा तोडल्या होत्या. जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांवर 1977 साली एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ निघाला, त्यात पहिला नंबर या लव्हाळ्याचा आहे. तुकोबांनी तर साडेतीनशे वर्षांपूर्वीच महापुरात टिकून राहणाऱ्या लव्हाळ्याचा दाखला नम्रतेसाठी देऊन ठेवलाय. मी तो शाळेत पाठ केला होता, परीक्षेत त्याचा अर्थ लिहून मार्क मिळवले होते, आणि ज्याला महापूर हलवू शकला नाही त्याला हलवायला बँकेने दिलेलं खुरपं घेऊन बसलो होतो.

मग कुणीतरी सुचवलं, कागद अंथरा. ऊन मिळालं नाही की तण मरतं. मी काळा मल्चिंग पेपर आणला, 30 मायक्रॉनचा, आणि तो लाल मातीवर ताणून चारी बाजूंनी दगड ठेवले. रात्री शांत झोप लागली. आठवड्याने जाऊन बघतो तो कागदातून शेकडो हिरव्या सुया वर आलेल्या. लव्हाळ्याचा कोंब टाचणीसारखा टोकदार असतो, तो कागदाला भोक पाडून सरळ वर येतो. हरळीला एवढ्या कसरतीची गरज वाटली नाही. ती कागदाखालून सरकत कडेला निघाली आणि कुंपणाखालून तात्यांच्या बांधावर गेली.

सूर्याच्या तापाने माती भाजून तण मारायची रीत आहे खरी. पण तिला पारदर्शक कागद लागतो, काळा नव्हे. कागद घालण्याआधी जमीन भिजवावी लागते. कागदाच्या कडा मातीत गाडून हवाबंद कराव्या लागतात. आणि हे सगळं एप्रिल-मेच्या भर उन्हात चार ते सहा आठवडे ठेवावं लागतं. मी काळा कागद, कोरड्या जमिनीवर, दगड ठेवून, फेब्रुवारीत अंथरला होता. लांबी-रुंदी तेवढी बरोबर मोजली होती.

एप्रिलमध्ये मी तत्त्वं गुंडाळून ठेवली आणि तणनाशकाकडे वळलो. ग्लायफोसेट फवारायचं तर ते पेस्ट कंट्रोलवाल्याकडूनच फवारून घ्यावं, असा आदेश केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये काढला. मी आयुष्यभर परिपत्रकं पाळत आलेला माणूस. आमच्या सोसायटीत झुरळांसाठी येणारा मुलगा मला ओळखत होता. त्यालाच दुप्पट पैसे कबूल करून सासवडला बोलावलं.

पाहुणे येणार म्हणून आपण घर आवरतो. मी तसंच केलं. आदल्या दिवशी एक गडी लावून सगळी हरळी आणि लव्हाळा विळ्याने जमिनीलगत कापून घेतला. फवारणाऱ्याला नीट फिरता यावं, औषध थेट जमिनीत मुरावं, असा माझा विचार. मुलगा पाठीवर पंप, तोंडावर मास्क, हातात मोजे अशा थाटात आला आणि रानाच्या मधोमध उभा राहून इकडेतिकडे बघू लागला.

"काका, फवारू कशावर?"

"म्हणजे?"

"हे औषध पानातून मुळाशी जातं. मातीत पडलं तर त्याचा उपयोग नाही. तुम्ही तर पानंच ठेवली नाहीत."

मी गप्प. झुरळांच्या तज्ज्ञाला कळत होतं ते मला कळत नव्हतं. तो भला मुलगा होता. वीतभर वाढू द्या, जोमात आल्यावर बोलवा, तोवर खुरपू नका, कापू नका, आणि त्या दिवशी पाणी स्वच्छ ठेवा, गढूळ पाण्यात औषधाचा जोर जातो, एवढं सांगून तो येण्याजाण्याचे पैसे घेऊन गेला. जाताना फाटकाजवळ एक झुरळ दिसलं, ते त्याने चपलेने मारलं. त्या दिवशी माझ्या तीन गुंठ्यांत मेलेला तो एकमेव जीव.

आता मी तात्यांकडे गेलो. हे चार महिन्यांपूर्वीच करायला हवं होतं, पण सल्ला विचारायचा तर आपल्याला कळत नाही हे मान्य करावं लागतं, आणि त्यासाठी माणूस पुरेसा थकलेला असावा लागतो.

तात्यांनी आधी चहा पाजला. मग म्हणाले, "तीन गुंठं सोडा. एक वाफा धरा. वैशाख लागलाय, ऊन हाय तवर खणा. कुदळीनं न्हाई, पहारीनं ढेकळं उचला. ढेकूळ हातानं फोडा आन काशा येचा. एकबी तुटता कामा नये."

जमिनीखाली पसरलेली हरळीची जी पांढरी, टोकदार खोडं असतात त्यांना काशा म्हणतात. आमच्या इमारतीतले तिघं निवृत्तीनंतर काशीला गेले. एकजण दोनदा जाऊन आला. मी सासवडला काशा वेचायला बसलो. पुण्य कोणाच्या पदरी किती पडलं ते माहीत नाही, पण गुडघे माझेच जास्त गेले.

वाफा वीस फूट बाय पाच. तो मी आठ दिवसांत हातभर खोल खणला. ढेकूळ फोडायचं, त्यातून काशी सोडवायची, ती दुसऱ्या ढेकळात गेलेली असायची, तिच्या मागे जायचं. एक काशी मी साडेतीन फूट पाठलाग करून अखंड काढली आणि बायकोला दाखवायला रुमालात गुंडाळून पुण्याला नेली. तिने विचारलं, "हिची भाजी होते का?" शंभर चौरस फुटांतून अकरा घमेली काशा आणि दीड घमेलं लव्हाळ्याच्या गाठी निघाल्या. पहिलं घमेलं मी बांधाच्या कडेला ओतत होतो, तर तात्या कुंपणापलीकडून ओरडले, "आवं, भुईवर न्हाई! पत्र्यावर टाका!" एखादा वळवाचा पाऊस पडला की त्याच काशा ओतल्या जागी धरतात. म्हणून जुना पत्रा आणून त्यावर त्या महिनाभर उन्हात वाळवल्या. कडकडीत झाल्यावर एक काशी मोडून बघितली. कट्कन आवाज झाला. जानेवारीपासून त्या जमिनीत ऐकलेला तो पहिला सुखाचा आवाज.

जूनमध्ये तात्यांच्या सांगण्यावरून वाफ्यात ताग दाट पेरला. हरळी आणि लव्हाळा यांना पाणी नसलं तरी चालतं, कुदळ चालते, शिव्या चालतात. एक गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे सावली. ताग दीड महिन्यात कमरेच्या वर गेला. त्याच्या आत वाकून बघितलं तर खाली काळोख आणि त्यात चुकूनमाकून उरलेल्या हरळीच्या दोन-चार फिकट काड्या. त्या मी हाताने काढल्या. ताग फुलावर येण्याआधी कापून तिथेच गाडला, आणि पंधरा-वीस दिवस कुजू दिल्यावर वांगी, मिरच्या आणि पेन्सिलीने नोंदवलेली अबोली लावली. वाफा इतका स्वच्छ होता की मी त्याचा फोटो निरोप समारंभाच्या गटावर टाकला. खाली कुणीतरी लिहिलं, "एवढीच?"

उरलेल्या जवळपास तीन गुंठ्यांसाठी झुरळवाला मुलगा पुन्हा बोलावला. या वेळी पानं वीतभर होती, पाणी स्वच्छ होतं, श्रावणात चार दिवस उघडीप मिळाली होती. सगळं शास्त्राप्रमाणे. दोन आठवड्यांत सगळं रान पिवळं पडलं. आयुष्यात पहिल्यांदा मी हरळीपुढे उजवा ठरलो, आणि त्याच आठवड्यात गणेश चतुर्थी आली.

बायको म्हणाली, "निदान दूर्वा तरी घरच्या आणा. वर्षभर तेच पिकवलंत."

मी खाली मान घालून परिस्थिती सांगितली. तिने कपाळाला हात लावला. औषध मारलेल्या, पिवळ्या पडलेल्या दूर्वा बाप्पाला कशा वाहणार? तीन गुंठे हरळीचा मालक मंडईत दूर्वा घ्यायला रांगेत उभा राहिला. एकवीस दूर्वांची जुडी वीस रुपये. पाच जुड्या आणि एक लांब हार घेतला. रांगेत उभ्या उभ्या अनलासुराची गोष्ट आठवली. त्याला गिळल्यावर गणपतीच्या पोटात आग पडली, ती शमवायला अठ्ठ्याऐंशी हजार ऋषींनी प्रत्येकी एकवीस दूर्वा वाहिल्या. सवयीने गुणाकार केला. 18 लाख 48 हजार दूर्वा. एवढ्या आणल्या कुठून, हा प्रश्न लहानपणी पडायचा. आता पडत नाही. एखाद्या ऋषीने आश्रमात टिलर फिरवला असणार.

विसर्जनानंतर सासवडला गेलो, तेव्हा तात्यांना ही हकिकत सांगितली. तात्या पहिल्यांदाच मोकळेपणी हसले. "आमची सून न्हाई का जात मंडईला दूर्वा घिऊन! औंदा बांधावर लई जोरात आल्या. तुमच्या त्या मशीनमुळं बरं का."

म्हणजे माझ्या टिलरने तोडलेल्या, माझ्या पाण्यावर वाढलेल्या, माझ्या काळ्या कागदाखालून सटकलेल्या दूर्वा मंडईत गेल्या, आणि त्यातल्या काही मी वीस रुपये जुडीने परत आणल्या असणं अगदी शक्य आहे. बँकेच्या भाषेत याला खातं फिरवणं म्हणतात. यावर आमच्या काळी चौकशी बसायची.

निर्माल्य नदीत टाकू नये, हे मला पटलेलं आहे. म्हणून दहा दिवसांचं सगळं निर्माल्य मी गॅलरीतल्या खताच्या बादलीत घातलं. फुलं महिनाभरात कुजली. हारातल्या लांब काड्या तेवढ्या का कुजत नाहीत, याचा विचार मी केला नाही. ते खत ऑक्टोबरच्या सुरुवातीला वांग्यांना घातलं. दिवाळीच्या आधी गेलो, तर त्या शंभर चौरस फुटांत, माझ्या त्या काशीक्षेत्रात, वांग्याच्या बुंध्याशी कोवळी, पोपटी, तीन पानांची हरळी डोलत होती. पैसे देऊन आणलेली, पूजा करून, आरती म्हणून, स्वतःच्या हाताने लावलेली.

दिवाळीच्या पहाटे बायकोने उटण्याची पुडी फोडली. वास ओळखीचा वाटला म्हणून मी पुडीवरची घटकांची यादी वाचली. चंदन, वाळा, आंबेहळद, नागरमोथा. नागरमोथा म्हणजे लव्हाळ्याच्याच सुगंधी गाठी. दीड घमेलं मी पत्र्यावर वाळवून जाळून टाकल्या होत्या. काही न बोलता मी पाटावर बसलो आणि अंगाला लावून घेतल्या.

वर्षअखेरीचा ताळेबंद असा: खर्च टिलर, माती, कागद, औषध आणि मणके. जमा एकवीस वांगी, मूठभर मिरच्या आणि अबोलीची एक वेणी. तुम्ही बाग लावणार असाल तर ऐका. आधी शेजारच्या तात्यांकडे चहाला जा. एकच वाफा धरा, तो वैशाखात खणा, काशा हाताने वेचा आणि पत्र्यावर वाळवा, पावसाळ्यात ताग दाट पेरा. निर्माल्यातल्या दूर्वा वेगळ्या काढून वाळवल्याशिवाय खतात घालू नका. पुढच्या वर्षी हे सगळं पुन्हा करावं लागेल, ही तयारी ठेवा. आणि चतुर्थीला दूर्वा लागल्या तर आदल्या दिवशी कळवा. जुड्या बांधून ठेवतो.